ओथ्मारचे कान, आर्डिसचा अंगठा

आर्डिस प्लाउट्झच्या वर्षात दोनच ऋतू होते. नवरा पाण्यावर असतो तो एक, आणि नवरा घरात असतो तो दुसरा. मेच्या अखेरीला मस्की माशाचा हंगाम उघडला की ओथ्मार, मासेमारीला आलेल्या गिऱ्हाइकांचा वाटाड्या, पहाटे होडीत बसायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. ऑक्टोबरात तळ्यावरचं शोनिकीचं रिसॉर्ट बंद होईपर्यंत घर आर्डिसचं असायचं. ती रेडिओवर पोल्काची नाचगाणी लावायची, रानातल्या रासबेऱ्या वेचून आणायची. बहीण आली की दोघी अंगणात बसून बिअर प्यायच्या आणि जिवंत-मेलेल्या सगळ्यांची उणीदुणी काढायच्या. फार काही नव्हतं यात. पण तिच्या वाट्याला आलेलं सुख एवढंच होतं, आणि त्याच्या जोरावर ती उरलेले महिने ढकलायची.

उरलेले महिने म्हणजे ओथ्मार. तळं गोठलं की तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सुरी आणि लाकडाचे तुकडे घेऊन बसायचा, पुढच्या हंगामाची आमिषं कोरत, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. कॉफी म्हणजे पायधुणं झालंय. बटाटे करपलेत. तुझी बहीण डुकरीण आहे, आणि तूही त्याच वाटेला लागली आहेस. संध्याकाळपर्यंत जमिनीवर भुशाचा ढीग व्हायचा. भुसा निदान झाडून टाकता यायचा.

ही आमिषं काय असतात ते सांगतो. मस्की हा आमच्या तळ्यातला दांडगा मासा, तंगडीएवढा लांब, आणि खादाड असा की बदकाचं पिल्लू पोहता पोहता गिळतो. त्याला खवळवायला जुनी माणसं पाण्याच्या वरच्या वर ओढायची लाकडी आमिषं वापरतात, आवाज करणारी. मागचं शेपूट गरगर फिरवत फद-फद करत येतो तो फदफद्या. दोन्ही अंगांना पत्र्याचे पंख मारत सरपटतो तो रांग्या. पुढे-मागे पात्यांची चक्रं असलेला, पाणी कातरत येणारा तो भिरभिऱ्या. पंख केसभर वाकला तरी आवाज फाटतो, आणि फाटक्या आवाजाकडे मस्की ढुंकून बघत नाही.

ओथ्मारचे कान या कामात सोन्याचे होते, हे त्याचे दुश्मनही कबूल करायचे. होडीच्या टोकाला पाठ करून बसलेला असायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "डाव्या पंखात शेवाळ अडकलंय, काढ. तुझ्या डोक्यात पण अडकलंय, ते राहू दे." शिकागोचे पैसेवाले लोक हे हसत हसत ऐकून घ्यायचे, कारण मासा लागायचा. दुभत्या गाईच्या लाथा गोड. शोनिकीने एक नंबरची होडी त्याच्या नावावर करून टाकली होती, आणि टॅमरॅक तळ्यावर एक नंबरच्या होडीत बसणारा माणूस म्हणजे चर्चमधल्या पाद्र्याच्या वरचा.

मग कान गेले. एका दिवसात नाही गेले. हिवाळ्यात जंगलतोडीची करवत आणि उन्हाळ्यात होडीचं इंजिन, दोघांनी मिळून थोडे थोडे कुरतडून खाल्ले. पहिल्यांदा आर्डिसला कळलं. ती काही विचारायची आणि तो ओरडायचा, "पुटपुटू नकोस! तोंडात बोळा आहे का?" एक दिवस खात्री करायला तिने त्याच्या पाठीमागे लोखंडी तवा जमिनीवर आपटला. मांजर कपाटाखाली पळालं. ओथ्मार ब्रेडला लोणी लावत राहिला.

त्याने काय केलं असेल? त्याच आठवड्यात लुएलाच्या बारमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आमच्या आर्डिसचा आवाज आटत चाललाय. म्हाताऱ्या गाईचं दूध आटतं ना, तसा." लोक हसले. आर्डिसही हसली. हसली नसती तर गाडीत आणखी ऐकावं लागलं असतं.

पाण्यावर त्याने दोन उन्हाळे डोळ्यांनी निभावून नेले. गळाच्या छडीचं टोक कसं थरथरतं, आमिषामागे पाण्यावर रेघ कशी उमटते, यावरून तो आवाज ओळखल्याचं सोंग आणायचा, आणि सोंग बरं वठायचं. पण सप्टेंबरच्या अखेरीच्या एका संध्याकाळी पलीकडच्या खाडीतून दिवा न लावलेली एक मोटरबोट थेट त्याच्या होडीवर आली. गिऱ्हाईक बोंबलत होतं, हात हलवत होतं, आणि ओथ्मार त्याच्याकडे पाठ करून पाण्यात वल्हं मारत होता. मोटरबोट वीतभर अंतरावरून गेली.

दोन दिवसांनी शोनिकी अंगणात आला. रिसॉर्टचा मालक, देवाला भीत नसेल इतका कोर्टाला भिणारा माणूस. आर्डिस दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"ओथ्मार, गिऱ्हाईक म्हणतंय, तू बहिरा झालायस."

ओथ्मारने त्याच्या ओठांवरची नजर हलवली नाही. "गिऱ्हाईक गाढव आहे."

"असेल. पण या गाढवाकडे वकील आहे. हे बघ, मला तुझ्याशी वाद घालायचा नाही. येत्या रविवारी हौदाचा खेळ आहे. नेहमीसारखा जिंकून दाखव, मी परत विषय काढणार नाही. हरलास तर एक नंबरची होडी आपल्या दुसऱ्या वाटाड्याला, गेलॉर्डला. तुला मासे साफ करायच्या खोलीत काम मिळेल."

"खोलीत तुझ्या आईला बसव," ओथ्मार म्हणाला. पण शोनिकी गेल्यावर तो बराच वेळ कुंपणाला हात टेकून उभा राहिला, आणि आर्डिसला त्याच्या मानेची मागची बाजू पहिल्यांदाच म्हाताऱ्याची वाटली.

हौदाचा खेळ ही ओथ्मारनेच काढलेली टूम. लुएलाच्या बारमागे जिवंत मासोळ्या ठेवायचा लांबलचक पत्र्याचा हौद आहे. रिसॉर्टं बंद व्हायच्या सुमाराला तो रिकामा करून स्वच्छ पाण्याने भरतात आणि बारमध्ये आणून ठेवतात. डोळे बांधून हौदाकडे पाठ करून एकेका वाटाड्याने स्टुलावर बसायचं. दुसऱ्याने दोरीला आमिष बांधून हौदात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं. बसलेल्याने नुसत्या आवाजावरून आमिष ओळखायचं. तीन फेऱ्या. पट्टी सरकवून कोणी डोकावू नये म्हणून तिची टोकं मागून त्याच्या बायकोने धरायची, आणि बायको नसेल तर लुएलाने. हा खेळ ओथ्मारने दुसऱ्यांची फजिती करायलाच सुरू केला होता. गेलॉर्ड रुडेक नवीन होता त्या वर्षी ओथ्मारने हौदातून स्वतःच्या पायातला बूट ओढला. गेलॉर्ड छाती काढून म्हणाला, "फदफद्या!" त्याचं लग्न झालं तरी तळ्यावरचे लोक त्याला 'बूट' म्हणूनच हाक मारायचे. लग्नाच्या केकवरसुद्धा कोणीतरी बूट काढून घेतला होता.

शोनिकी येऊन गेला त्या संध्याकाळी ओथ्मार आर्डिससमोर बसला. विनंती वगैरे त्याच्या स्वभावात नव्हती.

"पट्टी तूच धरणार. टॉवेलखाली अंगठा माझ्या मानेवर ठेवायचा. एकदा दाबलंस तर फदफद्या, दोनदा तर रांग्या, तीनदा तर भिरभिऱ्या. काही गोंधळ झाला तर अंगठा हलवायचा नाही, मी म्हणेन परत ओढ. एवढं तरी डोक्यात शिरतंय का?"

शिरत होतं. आमिषं तो कोरायचा, पण रंगवायची आर्डिस, आणि रंग वाळल्यावर न्हाणीघरातल्या टबात ओढून बघायचीही तीच. तिन्हींचे आवाज तिला झोपेतही ओळखू आले असते. ती फक्त त्याच्याकडे बघत होती. हा माणूस मासे साफ करायच्या खोलीत एक दिवस टिकणार नाही, हे तिला दिसत होतं. तो घरी येऊन बसेल. जूनमध्ये, जुलैमध्ये, ऑगस्टमध्ये. रेडिओ बंद होईल. बहीण यायची थांबेल.

"जमेल," ती म्हणाली, आणि त्याला दिसावं म्हणून मान हलवली. होडी वाचली पाहिजे, हे ओथ्मारपेक्षा तिलाच जास्त वाटत होतं.

रविवारी दुपारी बार खच्चून भरला होता. बरणीतली व्हिनेगरमध्ये मुरवलेली अंडी निम्मी संपली होती, ब्रँडीचे ग्लास फिरत होते. बाकीच्यांच्या फेऱ्या झाल्या, कोणाचं एक बरोबर, कोणाचं एकही नाही. शोनिकी बारच्या कोपऱ्यात एकटा बसला होता. ओथ्मार स्टुलावर बसला. आर्डिसने भांडी पुसायचा टॉवेल त्याच्या डोळ्यांवर बांधला, टोकं धरली, आणि अंगठा त्याच्या मानेवर टेकवला. मान घामेजलेली होती.

दोरी गेलॉर्डच्या हातात होती. पहिलं ओढलं, फद-फद-फद. आर्डिसने एकदा दाबलं.

"फदफद्या," ओथ्मार म्हणाला. "शेपटाचा खिळा सैल आहे. कोणाचंय हे? देवाने हात दिलेत ना तुम्हाला?"

खिळा खरंच सैल होता की नाही, कोण बघतंय! टाळ्या पडल्या. दुसरं ओढलं. आर्डिसने तीनदा दाबलं. "भिरभिऱ्या!" पुन्हा टाळ्या. शोनिकी मान डोलवत होता. एकच फेरी उरली होती, आणि आर्डिसला पुढचा जून दिसायला लागला.

इथे ओथ्मारने गप्प बसायला हवं होतं. पण जिंकायला लागलेला ओथ्मार आणि गप्प, हे दोन शब्द एका वाक्यात कधी आलेच नाहीत. डोळे बांधलेलेच, त्याने हात वर केला.

"थांब रे बूट, श्वास घे. तोवर या मंडळींना आमच्या बाईसाहेबांचा मासा सांगतो."

लोक आधीच हसायला लागले. ही गोष्ट तो दर वर्षी सांगायचा. लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हाची. बुंध्यांच्या खाडीत, मावळतीला, आर्डिसच्या फदफद्यावर अख्ख्या तळ्यातला सगळ्यात मोठा मस्की आला. आता वरच्या आमिषाचा नियम आमच्याकडे शाळेत जायच्या आधी शिकवतात. पाणी उसळलं की झटका मारायचा नाही. डोळे मिट, थांब, माशाचं वजन हाताला लागू दे, मग ओढ. घाई केलीस तर आमिष माशाच्या तोंडातून सुटतं आणि गळाचे तिन्ही आकडे उघडे टाकून तुझ्याच थोबाडावर येतं.

"आणि बाईसाहेबांनी काय केलं?" ओथ्मारचा आवाज छताला लागत होता, आपण केवढ्याने बोलतोय ते त्याला कळत नव्हतं. "पाणी उसळलं, किंचाळल्या, दिला झटका! मासा गेला उडत, आणि आकडा हनुवटीत! स्वतःच स्वतःच्या गळाला लागल्या! आयुष्यातला एवढा एकच मासा धरला हिने, आणि तोही पेंढा भरून भिंतीवर टांगण्यालायक नाही!"

बार हसला. आर्डिसच्या हनुवटीवर तो वण होता. ज्या संध्याकाळी तो झाला त्या संध्याकाळी ती डोळे मिटून बसली होती. पाणी उसळलं होतं, आणि ती थांबली होती, अगदी शिकवल्यासारखी. वजन हाताशी येत होतं. ओथ्मारला धीर धरवला नाही. त्याने मागून झडप घालून तिच्या हातातली छडी हिसकली आणि झटका दिला. हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. नवीन लग्न होतं, नवऱ्याची लाज राखावीशी वाटली होती. पुढे गोष्ट इतकी जुनी झाली की खरं सांगितलं असतं तर तीच खोटी ठरली असती.

तेवढ्यावरही ती अंगठा ठेवून उभी होती. सवयीचं होतं. पण पट्टी बांधलेल्या ओथ्मारला हसणं ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, गोष्ट पडली. म्हणून त्याने गोष्टीला नवं शेपूट जोडलं.

"आणि त्यानंतर हिच्या गळाला काही लागलंच नाही. पोरसुद्धा नाही!"

बार गप्प झाला. आर्डिसला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दुसऱ्या वेळी लुएलाने स्वतःच्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं होतं, कारण ओथ्मार पाण्यावर होता. लुएला बारमागे हातातला ग्लास पुसायची थांबली. ओथ्मार दात काढून बसला होता, हशा येतोय का याचा कानोसा घेत, मान इकडे-तिकडे वळवत.

"चल बूट, तिसरं," तो म्हणाला.

गेलॉर्डने टेबलावरून रांग्या उचलला, सगळ्यांना दाखवला, आणि ओठांवर बोट ठेवलं. मग त्याने नुसता हात हौदावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. आमिष त्याच्या दुसऱ्या हातात, कोरडं. हौदातलं पाणी हललंसुद्धा नाही. गेलॉर्ड आर्डिसकडे बघत होता.

अंगठा हलवायचा नाही. एवढंच करायचं होतं. ओथ्मार म्हणाला असता परत ओढ, गेलॉर्डला कधीतरी ओढावंच लागलं असतं, आणि होडी वाचली असती, उन्हाळा वाचला असता. आर्डिसला हे सगळं लख्ख कळत होतं. नंतर कोणी म्हणालं असतं की तिला रागात भान राहिलं नाही, तर ते खोटं. तिला पूर्ण भान होतं.

तिने दोनदा दाबलं. घट्ट.

"रांग्या!" ओथ्मार गरजला. "आणि डावा पंख बाहेर झुकलाय. घुं-खळ, घुं-खळ करतोय, ऐकू येत नाही का तुम्हाला? तुमच्या कानांत काय लोणी भरलंय? गेलॉर्ड, ही तुझीच कारागिरी. असला आवाज ऐकून मासाच काय, तुझी बायको पण बिछान्यातून उठून जाईल!"

टाळ्या पडतायत असं ओथ्मारला वाटलं असावं. तो उठला, डोळ्यांवर पट्टी तशीच, आणि नाटकातल्या नटासारखा कमरेत वाकला. तेव्हा पहिल्यांदा गेलॉर्ड फुटला, आणि मग सगळा बार. टेबलं बडवत, डोळे पुसत, एकमेकांच्या अंगावर पडत लोक हसले. ज्यांना आयुष्यभर त्याने सोलून काढलं होतं ते सगळे हसले. ओथ्मार दुसऱ्यांदा वाकला.

आर्डिसने टॉवेल सोडला.

त्याने आधी उघडी तोंडं पाहिली. मग गेलॉर्डच्या हातातला कोरडा रांग्या. मग हौद. पाणी आरशासारखं पडून होतं. मग तो वळला आणि त्याने आर्डिसकडे पाहिलं, आणि तिने नजर काढून घेतली नाही. त्याचं तोंड उघडलं. काय म्हणणार होता? हिने मला चुकीचं दाबलं? तोंड तसंच मिटलं. शोनिकीने ग्लास उपडा ठेवला, "एक नंबर गेलॉर्डला," एवढं म्हणाला आणि टोपी घालून गेला. तेही ओथ्मारला ऐकू आलं नाही. लुएलाने हातवारे करून सांगितलं.

आर्डिस कोट घ्यायला गेली तेव्हा गेलॉर्ड खुंट्यांपाशी आला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"तुमचा अंगठा मला पहिल्या फेरीपासून दिसत होता, आर्डिस. मानलं तुम्हाला."

"बाजूला हो."

"होतो की. आता म्हातारा तुमचा, उन्हाळा-हिवाळा, चोवीस तास. लखलाभ."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, कारण तो बरोबर बोलत होता.

त्या हिवाळ्यात ओथ्मारने तिला एका शब्दाने जाब विचारला नाही. विचारायला तोंडच नव्हतं. त्याने लाकूड कोरलं नाही, कॉफीला नावं ठेवली नाहीत. तो टेबलाशी बसायचा आणि ती कुठेही गेली की त्याची नजर तिच्या ओठांवर. बहीण ख्रिसमसला आली, एक रात्र राहिली, आणि जाताना म्हणाली, "याच्यापेक्षा आधीचा ओथ्मार बरा होता गं, निदान उलट बोलता यायचं." आर्डिसने आधी रेडिओ चालू ठेवून पाहिला. तो पोल्का वाजत असताना तिच्या पायाच्या ठेक्याकडे बघत राहायचा, ओशाळल्यासारखा. मग तिनेच तो बंद केला. तिला त्याची कीव यायची, आणि ज्या दिवशी कीव यायची त्या दिवशी ती त्याच्याशी जास्त वाईट वागायची. पाठ करून बोलायची. त्याला काही विचारायचं असलं की तो तिच्याभोवती फिरून समोर यायचा.

मासे साफ करायच्या खोलीत तो गेला नाही. तसं शोनिकीने विचारलंही नाही.

मेमधला हंगामाचा पहिला दिवस उजाडला. ओथ्मार नेहमीच्या वेळेला उठला, शिकारीचा जाड शर्ट घातला, आणि टेबलाशी येऊन बसला, खिडकीकडे पाठ करून. तिने त्याच्यापुढे अंडी आणि बटाटे ठेवले. बाहेर शोनिकीच्या धक्क्यावरून इंजिनं सुरू होत होती. एकामागून एक होड्या घरासमोरून खाडीकडे जात होत्या. पहिलीत गेलॉर्ड होता. त्याने खिडकीकडे बघून हात केला.

"निघाले का गं सगळे?" ओथ्मारने विचारलं.

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, त्याला ओठ दिसतील अशी.

"निघाले. गेलॉर्ड पुढे आहे."

त्याने मान हलवली. बटाटे निम्मे खाल्ले. शेवटची होडी वळणाआड गेली. खाली तळ्यावर अजून धुकं होतं, सात वाजायचे होते.

"मग," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, "आता दिवसभर आपण करायचं काय?"

आर्डिसने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. तिलाही ते माहीत नव्हतं.